गिरगावातली पत्रं आणि इथली थेरपी

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय असा आहे की मुलं शेजारी असतील तर नंतर वाचा. मुलांना कळेल म्हणून नाही, त्यांना शाळेत आपल्यापेक्षा बरंच शिकवलंय. आपणच अवघडतो म्हणून.

मी तिकडची सीए, इथे टॅक्सची कामं करते. मार्चमध्ये एका मैत्रिणीचा फोन आला. (तिला विचारून लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) "जॉइंट रिटर्न न भरता दोघांनी वेगवेगळं भरलं तर किती फरक पडेल गं?" हा प्रश्न आला की आमच्या धंद्यातली माणसं क्षणभर गप्प होतात. फरक सांगितला, मग विचारलं, काय झालं?

"काही झालं नाही. तेच तर. सहा वर्षं काहीच झालेलं नाही."

भांडण नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिला जवळ येताना दुखायला लागलं. तिने टाळलं. त्याला वाटलं, आपण नकोसे झालो. त्याने विचारणं सोडलं, तिला वाटलं, सुटलो बाई. नंतर तिला वाटलं, याला आपली गरजच नाही. दोघंही चांगली माणसं, घराचे हप्ते वेळेवर जातात. मी सेक्स थेरपिस्टचं नाव काढलं तर फटकन म्हणाली, "ती इथल्या लोकांची थेरं. आपल्यात असलं काही नसतं."

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं ते गिरगावातलं आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईत विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी गिरगावात संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचा दवाखाना सुरू झाला तोही १९२१ सालीच. आणि ज्या अमेरिकेला आपण 'मोकळा देश' म्हणतो तिथे काय होतं? १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याप्रमाणे संततिनियमनाची माहिती पोस्टाने पाठवणं गुन्हा होता. मार्गारेट सँगरने १९१६ मध्ये ब्रुकलिनमध्ये दवाखाना उघडला, तो पोलिसांनी काही दिवसांत बंद केला आणि तिला महिन्याभराची कैद झाली. नवरा-बायकोने गर्भनिरोधक वापरणं हा त्यांचा खाजगी हक्क आहे, असं इथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं ते १९६५ साली. तेव्हा 'इथल्या लोकांची थेरं' म्हणताना तारखा जरा बघून घ्याव्यात.

कॉलेजला प्राध्यापकांचा हा उद्योग पसंत नव्हता. १९२५ मध्ये त्यांची नोकरी गेली. पत्नी मालतीबाई या कामात बरोबर होत्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं, जवळजवळ एकहाती, पदरमोड करून. ताळेबंद बघणाऱ्या माझ्यासारखीला हा धंदा पहिल्या वर्षीच बंद करायला सांगावा लागला असता.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत, आणि मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. घरात, वैद्याकडे, मित्राला, कुणालाच विचारता येणार नाही ते लोक कर्व्यांना पत्राने विचारत. हस्तमैथुनाने शरीराचं नुकसान होतं का, समलिंगी आकर्षण म्हणजे काय, असे प्रश्न. तो काळ आठवा. ब्रह्मचर्याचा गवगवा, 'धातू जातो' या भीतीने पोखरलेली तरुण मुलं. (या भीतीला 'धात सिंड्रोम' हे नाव डॉ. नरेंद्र विग यांनी पुढे १९६० मध्ये दिलं. ती अजून गेलेली नाही.) कर्वे उपदेश न करता गणिताच्या मास्तरासारखं उत्तर देत. यात पाप नाही, यात अपाय नाही, हे असं असं असतं. आणि बाईला शरीरसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे ते शंभर वर्षांपूर्वी छापत होते. आपल्या कितीजणींना ते लग्नाआधी कुणी सांगितलं?

व्हायचं तेच झालं. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून अश्लीलतेचा खटला आणि शंभर रुपये दंड. १९३४ मध्ये दुसरा खटला झाला, तो या प्रश्नोत्तरांवरून. या वेळी कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, अंगावर कामांचा डोंगर, आणि असल्या बदनाम खटल्यातून त्यांना मिळण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा मुद्दा साधारण असा होता: मासिक लैंगिक ज्ञानासाठीच आहे, वाचक प्रश्न विचारतात, तर संपादकाने उत्तर द्यायचं नाही का? कुणाला तो प्रश्न विकृत वाटला तरी विकृती जाईल ती ज्ञानानेच. कोर्टाला पटलं नाही. दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी मासिक चालूच ठेवलं.

अमोल पालेकरांच्या 'ध्यासपर्व' सिनेमात ही गोष्ट आहे. मी तो कॉलेजनंतर पाहिला होता, तेव्हा फक्त संततिनियमनच लक्षात राहिलं. प्रश्नोत्तरांचं महत्त्व आता कळतंय.

पण कर्व्यांच्या मार्गाला एक मर्यादा होती. पत्रात एकच माणूस बोलतो. नवरा लिहितो तेव्हा बायकोची बाजू पाकिटात नसते. ही अडचण सुटायला पुढची काही दशकं लागली, आणि तिथे मात्र अमेरिकेचं श्रेय अमेरिकेला द्यायला हवं.

सेंट लुईसमध्ये विल्यम मास्टर्स हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९५७ पासून प्रयोगशाळेत माणसाच्या लैंगिक प्रतिसादाचा अभ्यास केला. १९७० मध्ये त्यांचं उपचारांवरचं पुस्तक आलं. त्यातली मुख्य गोष्ट अगदी साधी होती: पेशंट नवरा नाही, बायको नाही, दोघांमधलं नातं हा पेशंट. जोडप्याने एकत्र यायचं, समोर एक स्त्री आणि एक पुरुष थेरपिस्ट, कार्यक्रम दोन आठवड्यांचा. घरी (किंवा हॉटेलात) करायचा त्यांचा अभ्यास आजही वापरतात. काही दिवस समागम पूर्ण बंद. दोघांनी एकमेकांना फक्त स्पर्श करायचा, आधी हात, पाठ, चेहरा, आणि काय जाणवतं तेवढंच बघायचं. पुढे काही 'जमलं पाहिजे' हा ताण काढून टाकायचा. परीक्षाच रद्द केली की नापास होण्याची भीती उरत नाही, असा तो हिशोब.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. ते यशाऐवजी अपयशाची टक्केवारी देत, सुमारे वीस टक्के. पण अपयश कशाला म्हणायचं याची व्याख्याच स्पष्ट नाही, अशी टीका १९८० मध्ये झाली. ऑडिटरने पहिल्याच पानावर मारली असती अशी ही खूण. समलिंगी लोकांना 'बदलण्याचा' त्यांचा दावाही पुढे टिकला नाही. हेलन सिंगर कॅप्लन यांनी न्यूयॉर्कमध्ये या पद्धतीला मानसोपचाराची जोड दिली आणि इच्छाच न होणं ही वेगळी तक्रार आहे हे मांडलं. १९९८ मध्ये व्हायाग्रा आली, तिने रक्तप्रवाहाचा प्रश्न सोडवला. सहा वर्षांचा अबोला गोळीने जात नाही.

मुंबईतही काम सुरूच होतं. डॉ. प्रकाश कोठारींनी केईएममध्ये या विषयाचा विभाग उभा केला, आणि १९८५ ची जागतिक सेक्सॉलॉजी काँग्रेस दिल्लीत भरली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. मराठीत डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' कित्येक घरांत कपाटात साड्यांखाली असायचं. आमच्याकडेही होतं. आईला वाटायचं मला माहीत नाही.

१९७० च्या दशकात हवाईतल्या जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाने या उपचारांच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली, परवानगी: असं वाटणं, असं विचारणं यात गैर काही नाही, हे कुणीतरी जाणकाराने सांगणं. दुसरी, गरजेपुरती माहिती. तिसरी, नेमक्या सूचना. चौथी, सखोल थेरपी. बहुतेक लोकांचं काम आधीच्या पायऱ्यांवरच भागतं, चौथीपर्यंत थोडेच जातात. हे वाचलं आणि मी थांबलेच. पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे कर्व्यांची उत्तरंच की!

आता इथलं व्यवहाराचं थोडं. सेक्स थेरपिस्टकडे फक्त बोलायचं असतं. कपडे काढायचे नसतात, थेरपिस्ट हात लावत नाही. लावत असेल तर उठून बाहेर पडा आणि तक्रार करा. ही पदवी वापरायला फ्लोरिडासारखं एखादं राज्य सोडलं तर वेगळं लायसन्स लागत नाही, म्हणून मूळ लायसन्स कशाचं आहे ते विचारा आणि 'आसेक्ट' या संस्थेचं (स्थापना १९६७) प्रमाणपत्र आहे का ते बघा. त्याआधी डॉक्टर. दुखत असेल तर गायनॅक, तिच्या सल्ल्याने पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपी. पुरुषांनी डायबेटिस आणि बीपी तपासून घ्यायचं, आपल्याकडे ते भरपूर आहे आणि ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराची आगाऊ नोटीस असते. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते. त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि एकच जण तयार असेल तर एकट्यानेही सुरुवात करता येते.

मैत्रिणीला मी हे सगळं तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. कर्व्यांचं ऐकून म्हणाली, "म्हणजे आपल्यात असलं काही असतं तर." गायनॅककडे गेली. सहा वर्षं मनाला लावून घेतलेल्या दुखण्याला उपचार आहे हे तिथे कळलं. थेरपीला नवरा येईल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

मे महिन्यात त्याचा फोन आला. मी मनात बरीच तयारी केली होती. तो म्हणाला, "वहिनी, एक विचारायचं होतं. हे, म्हणजे ते दोघांनी जायचं आहे ते, एफएसएमधून चालतं का?"

यावर माझ्याकडे तयार उत्तर होतं. आयआरएसचं १९७५ चं रेव्हेन्यू रूलिंग आहे, ७५-१८७. सेक्सच्या तक्रारीसाठी नवरा-बायकोने मानसोपचारतज्ज्ञाला दिलेली फी हा वैद्यकीय खर्च धरला जातो. त्याच वर्षीचं दुसरं आहे, ७५-३१९. नुसतं मॅरेज काउन्सेलिंग असेल तर धरत नाहीत. म्हणजे बिलावर निदान आणि उपचार लिहिलेले हवेत, आणि काही प्लॅन उपचाराची गरज असल्याचं पत्र मागतात, ते आधी विचारून घ्यायचं.

"आणि लांब जावं लागलं तर हॉटेल?" त्याने विचारलं.

हॉटेलचा खर्च मात्र त्याच रूलिंगने नाकारलाय, म्हटलं. तो पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "मग जवळचीच बघतो."

कमेंटमध्ये लिहायला अवघड वाटत असेल तर मेसेज करा. टॅक्सचाच प्रश्न आहे असं सांगितलं तरी चालेल.