एका बेअरिंगचा धडा : स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची विश्वासार्हता

1. निकष

एखाद्या स्पोर्ट्स कारचे इंजिन बेभरवशाचे आहे, असे मालक म्हणतात तेव्हा तीन निरनिराळे प्रश्न एकाच शब्दात गुंडाळलेले असतात. बिघाड किती गाड्यांत होतो? झाला तर नुकसान किती? आणि होण्याआधी तो कळतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तक्रारींच्या संख्येवरून काढता येत नाही. ज्याचे इंजिन बसते तो बोलतो. ज्याची गाडी दोन लाख किलोमीटर निमूट पळते, त्याला बोलायचे कारणच पडत नाही. मात्र बिघाड कसा होतो, कशाने होतो, हे अशा तक्रारींतून फार नेमके कळते. पोर्शेचे एम96 इंजिन हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

2. रचना

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे आर्थिक अडचणीत होती. खर्च वाचवण्यासाठी 1996 ची बॉक्सटर आणि 1997 ची नवी 911 (996) या दोन गाड्यांचे बरेच भाग सामाईक ठेवले गेले. हवेने थंड होणारे जुने इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे सहा सिलिंडरचे एम96 आले. त्यात क्रँकशाफ्टखाली एक मधला दांडा फिरतो. क्रँकची गती तो घेतो आणि साखळ्यांमार्फत दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टकडे पोचवतो. जुन्या 911 मध्येही असा दांडा होता, पण तो तेलावर तरंगणाऱ्या साध्या बेअरिंगवर फिरे. नव्या इंजिनात फ्लायव्हीलकडच्या टोकाला ग्रीस भरून सील केलेले छर्ऱ्यांचे बेअरिंग बसवले गेले. सारी कथा या एका बदलाभोवती फिरते.

3. बिघाडाचा क्रम

हे बेअरिंग इंजिनच्या तेलातच बुडालेले किंवा भिजलेले असते. काळ जातो तसे सील कडक होते, तेल आत झिरपते आणि ग्रीस धुऊन जाते. आत शिरलेले तेल तिथेच अडकते. त्यातला ओलावा आणि आम्ल पोलादाला खाऊ लागतात. छर्ऱ्यांचे पापुद्रे सुटतात, दांडा डगमगतो, टायमिंगची साखळी दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इथवर येते तोवर इंजिन वाचवण्यासारखे उरलेले नसते.

सुरुवातीच्या इंजिनांत छर्ऱ्यांच्या दोन रांगा होत्या. 2000 च्या सुमारास एकाच रांगेचे, म्हणजे कमी भार पेलणारे बेअरिंग आले. अमेरिकेत मालकांनी पोर्शेवर सामूहिक दावा लावला. तो 2013 मध्ये तडजोडीने मिटला आणि तडजोडीत 2001 ते 2005 या काळात बनलेल्या गाड्या धरल्या गेल्या. त्या निमित्ताने पुढे आलेले आकडे असे : दोन रांगांच्या बेअरिंगमध्ये बिघाड 1 टक्क्याहून कमी, एका रांगेच्या बेअरिंगमध्ये सुमारे 8 टक्के. म्हणजे शंभरांतल्या ब्याण्णव मालकांना त्रास झाला नाही. उरलेल्या आठांचे मात्र संपूर्ण इंजिन गेले, आणि जुन्या बॉक्सटरच्या बाबतीत नव्या इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. टक्केवारी लहान असली तरी भीती खोटी नव्हती, ती यामुळे.

4. जपलेली गाडी

स्वतंत्र मेकॅनिकांचा अनुभव इथे महत्त्वाचा आहे. रोज पळणाऱ्या गाड्यांपेक्षा कमी पळालेल्या, झाकून ठेवलेल्या गाड्यांमध्ये हा धोका जास्त दिसतो. त्याचे कारण उघड आहे. चार-पाच किलोमीटरच्या फेरीत तेल पुरते तापत नाही. त्यात जमलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून जुनी गाडी घेताना ‘फक्त तीस हजार पळाली आहे’ हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नये. तेल दर 8,000 किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदलावे, हा या मेकॅनिकांचा सल्ला याच कार्यकारणावर उभा आहे.

5. निदान

तेल बदलताना फिल्टरचा कागद फेकू नये. तो कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर उलगडाव्यात आणि उजेडात तिरक्या धराव्यात. तपकिरी प्लॅस्टिकचे कण साखळीच्या आधारपट्ट्यांचे असू शकतात. चकचकीत कण दिसले तर त्यांवरून चुंबक फिरवावे. ॲल्युमिनियम जागचे हलत नाही. पोलादाचा चुरा चुंबकाला चिकटतो. काळ्या सीलचे तुकडे आणि पोलादाचा चुरा एकत्र सापडले, तर गाडी पुन्हा सुरू न करता ती टोइंग करून न्यावी.

बेअरिंग चांगले असतानाच बदलणे हा खरा उपाय. गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवले की ते हाताला लागते, म्हणून क्लचच्या कामासोबतच ते उरकतात. 2006 ते 2008 च्या इंजिनांत बेअरिंग मोठे आणि अधिक टिकाऊ आहे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते निघत नाही. 2009 च्या नव्या इंजिनात कंपनीने मधला दांडाच काढून टाकला.

6. तुलना

याच इंजिनकुळात, विशेषतः पुढच्या एम97 मध्ये, सिलिंडरच्या भिंती खरवडल्या जाण्याचा दोष आढळतो. तोही महागात पडतो, पण सावकाश वाढतो. तेल जास्त लागते, एका बाजूचा सायलेन्सर काजळतो, इंजिन टकटकते. मालकाला सावरायला वेळ मिळतो. 2014 मध्ये 911 जीटी3 च्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होऊन दोन गाड्या पेटल्या. तिथे पूर्वसूचना मिळणे शक्यच नव्हते. तेव्हा पोर्शेने सर्व 785 मालकांना गाडी चालवू नका असे कळवले आणि सगळी इंजिने बदलून दिली.

7. निष्कर्ष

तिन्ही दोष एकाच कंपनीचे, पण मालकांच्या वाट्याला आलेले अनुभव तीन. जिथे दोष हळूहळू दिसत गेला, तिथे मालक सावध राहू शकला. जिथे तो दिसणे शक्य नव्हते पण कंपनीने पुढाकार घेतला, तिथे विश्वास टिकला. मधल्या दांड्याच्या बेअरिंगबाबत दोष आत दडलेला होता आणि दादही कोर्टात जाऊन मागावी लागली. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही जुनी 996 विकायला निघाली की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो : बेअरिंग बदलले आहे का?