जबलपूरचा खेळ आणि १३८ वर्षं

स्नूकर म्हटलं की डोळ्यासमोर इंग्लंड येतं. पण मंडळी, हा खेळ जन्मला तो जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ साली, असं मानतात! नेव्हिल चेंबरलेन (पंतप्रधान नव्हे, तो वेगळा) या अधिकाऱ्याने लाल-काळ्या चेंडूंच्या खेळात आणखी रंगीत चेंडू घातले. नियम पुढे उटीच्या क्लबात पक्के झाले.

आणि व्यावसायिक रँकिंग स्पर्धा, म्हणजे जिच्या निकालावर जागतिक क्रमवारी ठरते ती, भारतात आली कधी? २०१३ मध्ये. तब्बल १३८ वर्षांनी!

दिल्लीच्या त्या पहिल्या इंडियन ओपनमध्ये मुंबईच्या आदित्य मेहताने उपांत्य फेरीत स्टीफन मग्वायरला ४-३ हरवलं. रँकिंग स्पर्धेची फायनल गाठणारा तो पहिला भारतीय. फायनलमध्ये चीनच्या डिंग जुनहुईने त्याला ५-० धुतलं, पण त्याने काय बिघडतं?

खरी गोष्ट डिंगचीच आहे. २००५ मध्ये, जेमतेम १८ वर्षांचा असताना, त्याने बीजिंगमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर स्टीफन हेंड्रीला हरवून चायना ओपन जिंकली. तिथे स्नूकरची लाटच आली. २०२५ मध्ये झाओ शिनतोंगच्या रूपाने चीनला पहिला जगज्जेताही मिळाला.

आपल्याकडे? दिल्लीनंतर मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम आणि २०१९ मध्ये कोची. पाच स्पर्धा, पाच शहरं, आणि मग गाडी थांबली. घरची मोठी स्पर्धा नसेल, तर पोरांनी बघायचं कुणाकडे? टॅलेंट आहे हो, टेबलच उचलून नेलं.