मिटलेल्या कार्नेशनचा धडा



सकाळी तोडलेलं टपोरं कार्नेशन बाजारात पोहोचेपर्यंत मिटतं आणि व्यापारी "माल शिळा" म्हणून भाव पाडतो. अशा वेळी आपण तोडणीला दोष देतो, नाहीतर पाण्याला. पण खरा चोर कधी कधी हवेतच असतो. तो कसा सापडला, ते ऐका.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात फूलबागाईतदारांचं असंच नुकसान होत होतं. काचगृहात ठेवलेली उमललेली कार्नेशन मिटत आणि कळ्या उमलतच नसत. त्या काळी दिव्यांसाठी दगडी कोळशाचा वायू नळातून खेळवत. क्रॉकर आणि नाइट या शास्त्रज्ञांनी १९०८ साली दाखवून दिलं, की गळक्या नळातून येणाऱ्या या वायूतलं इथिलीन फुलं मिटवतं. हवेच्या वीस लाख भागांत इथिलीनचा फक्त एक भाग आणि वेळ बारा तास, एवढं पुरे झालं! नाकाला वासही लागत नाही.

आपल्याकडे तो नळ नाही, मग भीती कसली? तर १९३४ साली इंग्लंडमध्ये गेन यांनी सिद्ध केलं, की पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन सोडतं. आंबा, केळीही सोडतात. आढीत एक आंबा पिकला की शेजारचे धरतात, ते याचमुळे. कोमेजणारं फूलही शेजारच्या फुलांना हाच वायू देतं.

पुढे १९७८ साली हॉलंडमध्ये चांदीच्या क्षाराचं द्रावण कार्नेशनला पाजून ती जास्त दिवस टिकवण्यात आली. मात्र चांदी हा जड धातू आहे. उरलेलं द्रावण शेतात, ओढ्यात ओतू नका. १९९० नंतर एक-एमसीपी हा वायू निघाला. तो बंद खोलीत द्यावा लागतो. दोन्ही उपाय आधीच करायचे असतात, मिटलेलं फूल त्यांनी उघडत नाही.

बिनखर्चाचे उपाय मात्र आपल्या हातात आहेत :

• फुलांच्या खोलीत किंवा गाडीत आंबे, केळी, सफरचंद ठेवू नका.
• सुकलेली, सडकी फुलं रोज वेचून बाहेर टाका.
• चूल, इंजिन, ट्रॅक्टर यांचा धूर आत येऊ देऊ नका. धुरातही इथिलीन असतं.
• तोडणीनंतर माल लगेच थंड करा, हवा खेळती ठेवा.

शिकागोच्या बागाईतदारांना कारण कळेपर्यंत माल गेला. आपल्याला ते आधीच ठाऊक आहे. मग पुढचं खोकं भरण्याआधी खोलीत एकवार नजर टाका.