ड्रायव्हरअभावी बूट अडणे

यंत्रात कायमची बसवलेली, म्हणजे एम्बेडेड, संगणकप्रणाली सुरू होताना एखाद्या आवश्यक भागाचा ड्रायव्हर न सापडल्याने अर्ध्यावर थांबते, तेव्हा त्या बिघाडाला ड्रायव्हरअभावी बूट अडणे म्हणतात. हा भाग बहुतेक वेळा साठवणीचा असतो: एसडी कार्ड, ईएमएमसी चिप, कॉम्पॅक्ट फ्लॅश किंवा साटा डिस्क. बिघाडाचे मूळ एका चक्रात आहे. साठवण वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरची फाइल त्याच साठवणीत ठेवलेली. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. बूटलोडर मात्र बायोसच्या किंवा स्वतःच्या साध्या कोडने तेच कार्ड वाचतो आणि कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मेमरीत आणून ठेवतो. कर्नलने ताबा घेतल्यावर ती सोय संपते. म्हणून ‘कार्ड चांगले आहे, लोगोही दिसतो, मग अडते कुठे?’ हा प्रश्न पडतो.

पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या शिरवळसारख्या औद्योगिक पट्ट्यात या प्रणाली मोल्डिंग यंत्रांच्या पॅनलमध्ये, पॅकिंग लाइनवर, वजनकाट्यांत आणि सीएनसीच्या पडद्यामागे असतात. ‘पॅनल उठत नाही’, ‘लोगोवर अडकलं’, ‘निळा पडदा आला’ अशी तक्रार मेंटेनन्सकडे येते. ही तीन वाक्ये तीन वेगळ्या अवस्था सांगतात, म्हणून ती ऐकताना नेमका शब्द टिपून घेणे मोलाचे ठरते.

निळा पडदा विंडोजचा. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपी एम्बेडेडवर चालणारी यंत्रे मायक्रोसॉफ्टचा आधार संपल्यानंतरही कारखान्यांत काम करत राहिली. त्यांच्यातला ठरलेला संकेत म्हणजे स्टॉप ७बी, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. सुट्टीनंतर असा पडदा येण्यामागे बरेचदा बायोसची नाण्याएवढी बॅटरी असते. दिवाळीत यंत्र आठवडाभर बंद राहते, जुनी सीआर-२०३२ दम सोडते, बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला जातात आणि साटाचा मोड आयडीईऐवजी एएचसीआय होतो. एक्सपीसोबत एएचसीआयचा ड्रायव्हर येत नसे. यंत्रात कुणी काही बदललेले नसते, तरी ते उठत नाही. पडद्यावरचे घड्याळ २००२ किंवा २००९ सालचे दिसले, तर आधी बॅटरी बदलून मोड पूर्ववत करावा. सबंध कार्ड नव्याने लिहिण्याचा खटाटोप यात वाचतो.

दुसरे कारण कार्डावर लिहायची प्रतिमा, म्हणजे इमेज, तयार करतानाचे. एक्सपी एम्बेडेडमध्ये लक्ष्ययंत्रावर ‘टॅप’ ही छोटी आज्ञावली चालवून हार्डवेअरची यादी घेतात. तिची पीएमक्यू फाइल टार्गेट डिझायनरमध्ये आणून त्यातून घटक निवडले जातात. यादी घेताना बोर्ड एका मोडमध्ये आणि पाठवताना दुसऱ्या मोडमध्ये असला, तर प्रतिमेत नेमका तोच ड्रायव्हर नसतो. निदानाचा सोपा मार्ग म्हणजे कार्ड दुसऱ्या संगणकात लावून विंडोजच्या एफबीए फोल्डरमधली एफबीएलॉग फाइल पाहणे. पहिल्या बूटला काम करणारा ‘फर्स्ट बूट एजंट’ ती लिहितो. ती मुळीच तयार झाली नसेल, तर अडथळा साठवणीच्या टप्प्यावरच आहे. अर्धवट असेल, तर साठवण चालली आणि पुढचा एखादा ड्रायव्हर रुसला असे समजावे.

लिनक्समध्ये बिघाड शब्दांत सांगितला जातो, फक्त तो पडद्यावर नसतो. त्यासाठी बोर्डावरची सिरियल पिनांची जोडी शोधून तिथे यूएसबी-टीटीएल केबल लावावी लागते. ती पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळते. मात्र ३.३ व्होल्टचीच घ्यावी, ५ व्होल्टची नाही, नाहीतर चिप जळू शकते. वेग बहुधा ११५२०० असतो. शेवटी कर्नल पॅनिक दिसते, पण उत्तर शेवटच्या ओळीत नसून तिच्या वरच्या दहा-वीस ओळींत असते. ‘अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’ या वाक्यानंतरच्या कंसातले आकडे वाचावेत. (०,०) असेल तर कर्नलला साठवणच दिसलेली नाही. (१७९,२) असेल तर ईएमएमसी किंवा एसडी सापडली आहे, कारण १७९ हा त्या वर्गाचा क्रमांक. दोष मग फाइलसिस्टीमच्या ड्रायव्हरमध्ये किंवा विभागातल्या मजकुरात शोधावा. पॅनिकच्या आधी कर्नल सापडलेल्या विभागांची यादीही छापतो. ती रिकामी असणे हा सर्वांत स्पष्ट पुरावा.

‘रूटवेट’ हा पर्याय दिलेला असेल तर पॅनिकही येत नाही. ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ ही ओळ येते आणि यंत्र तिथेच शांतपणे थांबून राहते, तासन्‌तास. ‘लोगोवर अडकलं’ ही तक्रार पुष्कळदा अशी असते.

साठवण न दिसण्याचे कारण नेहमी साठवणीच्या ड्रायव्हरमध्ये नसते. ईएमएमसीच्या चिपला वीज देणारा रेग्युलेटर असतो, तो वीजनियंत्रक चिपमध्ये बसलेला. ती चिप आयटूसी बसवर, आणि बसला घड्याळ व पिनांची जुळणी हवी. या साखळीत रेग्युलेटरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल, तर ईएमएमसीचा ड्रायव्हर ‘थांबा, अजून कोणी यायचे आहे’ अशा अर्थाने उणे ५१७ हा क्रमांक परत करतो आणि वाट पाहत राहतो. हे स्थगित जोडणीचे तंत्र लिनक्स ३.४ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. उणे १९ म्हणजे असे उपकरणच नाही. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही, बहुधा फर्मवेअर. क्रमांक ओळखता आला की अर्धा दिवस वाचतो. हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीमध्ये ‘कम्पॅटिबल’ या नोंदीतले एक अक्षर चुकले, तर ड्रायव्हर हजर असूनही तो त्या भागाला हात लावत नाही.

बूटलोडरच्या ‘स्टार्टिंग कर्नल’ या ओळीनंतर काहीच न येणे हा तिसरा प्रकार. इथे यंत्र मेलेले असेलच असे नाही. सिरियल पोर्टचाच ड्रायव्हर नसेल किंवा ‘कन्सोल’ पर्यायातले पोर्टचे नाव दुसऱ्या बोर्डाचे असेल. नेटवर्कचा दिवा पाहावा, पिंग करून पाहावे आणि ‘अर्लीकॉन’ पर्याय घालून पुन्हा सुरू करावे.

दुरुस्तीचे तत्त्व एकच: रूट फाइलसिस्टीमपर्यंत पोचायला लागणारे सर्व ड्रायव्हर कर्नलच्या आतच बांधावेत, मॉड्यूल म्हणून सुटे ठेवू नयेत. सुटे ठेवायचेच असतील तर ते इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे कर्नलसोबत मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टीममध्ये, बरोबर त्याच कर्नल-आवृत्तीचे भरावेत. कर्नल बदलून मॉड्यूल जुनेच ठेवणे ही फार नेहमीची चूक आहे. विंडोजमध्ये दुरुस्ती बाहेरून करता येते: कार्ड दुसऱ्या संगणकाला लावून सिस्टीम रजिस्ट्री उघडायची, ड्रायव्हरची फाइल ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये ठेवायची, सेवेचे ‘स्टार्ट’ मूल्य ० करायचे आणि ‘क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेस’मध्ये त्या कंट्रोलरची नोंद घालायची. तत्पूर्वी कार्डाची हुबेहूब प्रत काढून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण यंत्राची रेसिपी आणि कॅलिब्रेशन त्याच कार्डावर असते आणि ते परत मिळत नाही.

बोर्ड नियोजनाने बदलायचा असेल तर क्रम उलटा ठेवावा: जुना बोर्ड चालू असतानाच नव्या बोर्डाचा ड्रायव्हर घालायचा आणि मगच बोर्ड बदलायचा. यात एक फसवा टप्पा आहे. एक्सपी एम्बेडेडमध्ये कार्ड झिजू नये म्हणून ‘ईडब्ल्यूएफ’ हा लेखन-अडसर बरेचदा चालू असतो. तो सगळे बदल मेमरीत झेलतो आणि वीज गेली की टाकून देतो. घातलेला ड्रायव्हर ‘कमिट’ करून, व्यवस्थित शटडाउन करून, पुन्हा एकदा जुन्याच बोर्डावर तो टिकल्याची खात्री झाल्यावरच स्क्रू काढावेत.