घरातल्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला सरकार पैसे देतं का?

यावल-रावेरकडे केळीच्या बागेत रोजाने जाणारी एखादी बाई सासू अंथरुणाला खिळली की कामावर जायचं थांबवते. घरातली एक मजुरी बंद होते. या बुडालेल्या मजुरीची भरपाई करणारी सरकारी योजना आहे का, हा प्रश्न जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या अनेक घरांत विचारला जातो.

थोडक्यात उत्तर असं, की महाराष्ट्रात सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या नावाने दरमहा पैसे देणारी सर्वसाधारण योजना नाही. जे मिळतं ते आजारी, वृद्ध किंवा दिव्यांग व्यक्तीच्या खात्यात येतं आणि घर त्यावर चालतं.

त्यातल्या दोन योजना सर्वांना माहीत आहेत. 65 वर्षांखालच्या निराधार, दिव्यांग आणि विधवा अशा व्यक्तींसाठी 1980 पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. 65 आणि त्यापुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. गंमत म्हणजे नाव कावड वाहणाऱ्या श्रावणाचं, पण पैसे मिळतात कावडीत बसलेल्या आईबापांना. श्रावणाला काहीच नाही.

दोन्ही योजनांत जुलै 2023 पासून दरमहा 1,500 रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये करण्यात आली. खरी अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत हवं, दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. वर्षभर रोजाने राबणाऱ्या घराचंही उत्पन्न याच्या पुढे जातं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मात्र एक पाऊल पुढे गेला. त्यात सेवा करणाऱ्याची व्याख्याच आहे, आणि तिच्यात आईवडील व कुटुंबातले इतर सदस्य येतात, मोबदला घेणारे असोत वा नसोत. याच कायद्याच्या कलम 24 मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांना काळजीवाहक भत्ता देण्याची तरतूद आहे. पण ती 'सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. या चार शब्दांत सगळं अडतं. केरळने स्वतःची 'आश्वासकिरणम्' योजना काढून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना महिना 600 रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती सेवा करणाऱ्यासाठी आहे. ब्रिटनमध्ये असा भत्ता 1976 पासून आहे. गंमत अशी, की तिथेही विवाहित स्त्रियांना तो 1986 पर्यंत नाकारला जाई. घरची सेवा हे बायकोचं कामच, असा हिशोब!

आपल्याकडे अपवाद आहे तो निवृत्तिवेतनाच्या नियमांत. लष्करी सेवेमुळे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि सतत मदतनीस लागणाऱ्या माजी सैनिकाला परिचर भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना 6,750 रुपये झाला. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.

बाकीच्यांनी काय करावं? आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढावं. ते नसेल तर पुढचे बहुतेक मार्ग बंद. मग तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत अर्ज द्यावा. चोपडा, अमळनेर, साक्री, शिरपूर, सगळीकडे मार्ग तोच. हयातीचा दाखला दरवर्षी लागतो, तो चुकला तर पैसे थांबतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, म्हणून ग्रामसभेत त्याचा हिशोब विचारायला हरकत नाही.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. बँकेत अडल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम अठरावं लागताच उरकलेलं बरं.