डिझेल बदललं आणि रबर फुगलं

आजचा भाग जरा तेलकट हातांचा आहे. काही वर्षांपूर्वी हायवेवर कुठेतरी ‘बायोडिझेल’ स्वस्त मिळतं म्हणून आमच्या काकांनी टेम्पोत दोन-तीन महिने तेच भरलं. मग एक दिवस केबिनमध्ये वास यायला लागला. मिस्त्रीने डिझेलचा रबरी पाइप काढून हातात दिला. भिजवलेल्या शेंगदाण्यासारखा फुगलेला, दाबला की बोट आत जायचं. आणि त्यातून गरम इंजिनवर डिझेल ठिबकत होतं! ते खरं बायोडिझेल होतं की आणखी काही, हा वेगळा विषय. मला प्रश्न पडला तो असा, की तेलासाठीच बनवलेलं रबर तेलानेच कसं काय बिघडतं?

बायोडिझेलचा इतिहास सांगणारे सुरुवात करतात 1900 च्या पॅरिस प्रदर्शनापासून. तिथे ऑटो कंपनीचं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं, तेही काही बदल न करता. खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी 1912 मध्ये हे सांगितलंय. पण शेंगदाणा तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून एस्टर बनवलं, की ते पातळ होतं; ते बायोडिझेल. त्याचं पेटंट 1937 चं, ब्रसेल्स विद्यापीठातल्या शाव्हान यांचं. 1938 मध्ये ब्रसेल्स ते लूव्हेन अशी एक बस पाम तेलाच्या एस्टरवर धावली. मग महायुद्ध आलं, नंतर खनिज तेल स्वस्त झालं, आणि विषय मागे पडला.

रबराची गोष्ट मात्र याच काळात पुढे सरकत होती. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं. म्हणून 1930 च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं. त्याच्या रेणूत विद्युतभाराची थोडी ओढाताण असते, खनिज डिझेलमध्ये ती जवळजवळ नसते, त्यामुळे दोघांचं जमत नाही. न जमणं हाच इथे गुण! पुढे कित्येक दशकं पंपांचे सील, ओ-रिंग, पाइप याच रबराचे होत राहिले. एस्टरमध्ये मात्र ऑक्सिजन असतो, तशीच ओढाताण असते. त्यामुळे ते नायट्राइलमध्ये शिरतं, त्याला फुगवतं, मऊ करतं, आणि रबर लवचिक ठेवणारं द्रव्य विरघळवून बाहेर काढतं.

पण सगळा दोष बायोडिझेलच्या माथी मारू नका. ऑक्टोबर 1993 मध्ये अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी कमी गंधकाचं डिझेल सक्तीचं झालं. कॅलिफोर्नियात त्यासोबत अ‍ॅरोमॅटिक घटकांवरही मर्यादा आली. त्यात बायोडिझेलचा थेंब नव्हता, तरी जुन्या गाड्यांचे पंप गळायला लागले! झालं असं, की वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमधल्या अ‍ॅरोमॅटिक्सनी सील थोडे फुगवून ठेवले होते. ते घटक कमी होताच सील आक्रसले, आणि म्हातारं, कडक झालेलं रबर ती फट भरून काढू शकेना. म्हणजे नवं तेल खराब नव्हतं. रबराला जुन्याची सवय झाली होती. मला तरी या अख्ख्या इतिहासातला हाच प्रसंग सगळ्यात बोलका वाटतो.

युरोपात तोवर मोहरीची बहीण रेपसीड, तिच्या तेलाचं बायोडिझेल सुरू झालं होतं. ऑस्ट्रियाने 1991 मध्ये त्याचं मानक काढलं. उपाय होता फ्लोरोरबर, ड्यूपॉन्टने 1957 मध्ये बाजारात आणलेलं व्हायटॉन. महाग, पण टिकाऊ. त्यातही गंमत आहे: बायोडिझेल जुनं होऊन आंबलं, त्यात पाणी मिसळलं, तर धातूच्या ऑक्साइडने पक्कं केलेले व्हायटॉनचे काही प्रकारही हार मानतात. म्हणून 2003 च्या युरोपीय मानकात 110 अंशांना किमान 6 तास न खराब होण्याची अट आली. पुढे ती 8 तासांची झाली. प्लॅस्टिकचं म्हणाल तर टेफ्लॉनला काही फरक पडत नाही, पॉलिप्रोपिलीन मात्र फुगतं, मऊ पडतं.

आपल्याकडे 2018 च्या धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे. एवढ्याने नव्या गाड्यांना काही होत नाही. युरोपात साध्या डिझेलमध्येही 7 टक्क्यांपर्यंत असतंच. प्रश्न येतो तो काकांसारख्या जुन्या टेम्पोत शुद्ध बायोडिझेल ओतलं तर.

तो पाइप मी मिस्त्रीकडून मागून आणला होता. आता तो वाळलाय, आणि मऊ अजिबात राहिलेला नाही. रेकॉर्डिंगच्या आधी जरा वाकवून बघितला, तर कडकन दोन तुकडे झाले.