घरची भट्टी आणि अबकारीचें कुलूप

गेल्या दिवाळींत माझा एक पुतण्या विलायतेहून बारामतीस आला. मुलांकरितां चॉकलेटें, काकूकरितां लोकरीची शाल, आणि मजकरितां एक जड पत्र्याचा डबा त्यानें आणला. मी जन्मभर शाळामास्तरकी केलेला, चहाखेरीज कशाचाहि नाद नसलेला मनुष्य. आणि डब्यावर चित्र होतें तें काळ्याभोर मद्याच्या फेसाळ पेल्याचें! माझा चेहरा पाहून तो हंसत म्हणाला, "काका, घाबरूं नका, यांत दारू नाहीं. दारू करण्याचें साहित्य आहे. तिकडे लोक हें घरीं करतात, कोणी कांहीं म्हणत नाहीं. इथें करून पाहूं का?"

या प्रश्नास 'नाहीं' एवढें उत्तर पुरे होतें, आणि तें मीं तत्काळ दिलें. परंतु 'कां नाहीं' हें सांगूं लागलों तेव्हां बोलणें पेशवाईपर्यंत मागें गेलें. तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम त्या डब्यांतील वस्तूविषयीं. जव भिजवून त्यांस मोड आणावयाचे, ते वाळवावयाचे आणि मग त्यांचें सत्त्व काढावयाचें, ही क्रिया आमच्या भगिनींस नवी नाहीं; नाचणीचें सत्त्व घरोघर असेंच होतें. जवांचें हें सत्त्व आटवून काकवीसारखें दाट केलें, त्यांत हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांचा कडूपणा उतरविला आणि डब्यांत भरलें, कीं झाला तो माल. घरीं त्यांत साखर व पाणी घालून सुमारें तेवीस लिटर द्रव करावयाचा आणि किण्वाची पुडी टाकून आंबवावयाचा. आंबण्यास अठरा ते चोवीस अंशांची उष्णता लागते. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिसांवर चढतो, तेव्हां तें पेय बिघडण्याचीच खात्री अधिक! ज्वारीचें पीठ ताकांत रात्रभर आंबवून आमच्याकडे आंबील करतात, ती या काळ्या बीअरची दूरची बहीणच म्हणावयाची. मात्र ती सात्त्विक राहिली.

हिला इंग्रजींत स्टाउट म्हणतात. अठराव्या शतकांत लंडनच्या हमालवर्गांत पोर्टर नांवाची गडद बीअर प्रिय झाली. तिचाच जोरकस प्रकार तो स्टाउट. जव करपूं न देतां काळे होईपर्यंत भाजण्याचें फिरतें पिंप डॅनियल व्हीलर या गृहस्थानें शोधून काढलें व 1817 सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं, 5 नोव्हेंबरला, खडकीच्या माळावर पेशव्यांचें सैन्य इंग्रजांपुढें हटलें. या दोन गोष्टींचा परस्परांशीं अर्थाअर्थीं संबंध नाहीं. परंतु त्या लढाईनंतर खडकीस गोऱ्या पलटणींची छावणी कायम झाली, आणि जेथें गोरा शिपाई तेथें त्याची बीअर. कंपनी सरकार पोर्टरचीं पिंपें समुद्रमार्गें हिंदुस्थानांत आणवीत असे. पुढें मीकिन नांवाच्या व्यापाऱ्यानें सिमला व कसौलीचे बीअरचे कारखाने विकत घेतले आणि जे नवे काढले त्यांत एक खडकीसहि होता.

आतां पेशवाईकडे वळूं. पेशव्यांच्या राज्यांत दारूवर कडक निर्बंध होता. ब्राह्मण व सरकारी कामगार यांस तर ती पूर्ण वर्ज्य. तरीहि पेशव्यांच्या रोजनिशांवरील न्यायमूर्ति रानड्यांच्या निबंधांत एक मौजेची सवलत नमूद आहे. तोफखान्यांत चाकरीस असलेल्या युरोपीय लोकांस स्वतःपुरती दारू गाळण्याची मुभा होती. म्हणजे तुझ्या डब्याचा पूर्वज पेशव्यांच्या तोफखान्यांत सांपडतो, असें मीं पुतण्यास सांगितलें, तेव्हां त्याला फार आनंद झाला. पण तो आनंद पुढच्या वाक्यापर्यंतच टिकला.

कारण इंग्रजी अमलांत प्रश्नाचें रूपच पालटलें. दारू पिणें बरें कीं वाईट, हा प्रश्न मागें पडला. दारूपासून सरकारास किती मिळतें, हा पुढें आला. 1878 सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. त्यामागील धोरण असें कीं, गांवोगांवच्या लहान भट्ट्या मोडाव्या, मध्यवर्ती भट्टींत दारू गाळावी, तिजवर कर घ्यावा आणि ठेकेदाराच्या दुकानांतून ती विकावी. जो मनुष्य आपल्या परसांत मोहाचीं फुलें आंबवीत होता तो एका दिवसांत गुन्हेगार ठरला. आणि तेंच पेय दुकानांतून पैसे टाकून घेतलें कीं तो सरकारचा चांगला गिऱ्हाईक! ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत तर 1892 सालीं खुद्द मोहाच्या फुलांवरच कायदा बसविला गेला.

हें कुलूप घातलें तें संयमाकरितां, असें सांगणारे अधिकारी त्या काळींहि होते. परंतु ज्यांनीं पुण्यांत दुकानें वाढतांना पाहिलीं त्यांस तें पटलें नाहीं. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना 1880 सालीं त्यांनीं शहरांतील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. पुढें 1908 सालीं लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें पुण्यांत दुकानांपुढें निरोधन झालें. या दोघांचीं इतर मतें किती भिन्न! पण दारूचें दुकान पाहून दोघांच्याहि मनांत तोच संशय आला. मी दारूबंदीचा पक्का कैवारी आहें, हें माझ्या सर्व विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तरीहि इतिहास शिकविणाऱ्यास हें कबूल करणें भाग आहे कीं, घरची भट्टी प्रथम बंद झाली ती नीतीसाठीं नव्हे, तिजोरीसाठीं.

विलायतेंतहि जवळजवळ त्याच वेळीं असेंच घडलें. ग्लॅडस्टननें 1880 सालीं माल्टवरील कर उठवून बीअरवर कर बसविला आणि घरीं बीअर करणारांस परवाना लावला. तिकडचें तें कुलूप 1963 सालीं अर्थमंत्री मॉडलिंग यांनीं काढलें. मात्र घरची बीअर विकण्यास मनाई राहिली. त्यानंतरच असले डबे तिकडे घरोघर गेले.

आमच्या भागांत याच्या उलट घडत गेलें. 1876 च्या दुष्काळानंतर निरेचा डावा कालवा खोदला गेला आणि 1885 सालीं तो सुरू झाला. बारामती व इंदापूर या कोरड्या तालुक्यांत पाणी खेळूं लागलें. ज्या बारामतींत मोरोपंतांनीं आर्या रचल्या तेथें ऊंसाचे फड उभे राहिले, गुऱ्हाळें लागलीं. गूळ आला, आणि गुळाबरोबर त्याची सावली आली. गूळ, नवसागर व बाभळीची साल एकत्र सडवून ओढ्याकांठीं रात्रीं गाळावयाची, ती हातभट्टी. घरची भट्टी गेली म्हणतात. माझ्या मतें ती गेली नाहीं, उजेडांतून अंधारांत गेली. शिक्षक म्हणून इंदापूर तालुक्यांतील एका खेड्यांत असतांना, वर्गांतील एक हुशार मुलगा वारंवार सकाळीं पेंगतांना दिसे. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, रात्रीं चुलत्याच्या भट्टीवर जाळ घालण्याचें काम त्याच्याकडे होतें. त्याला मीं रागें भरलों. आज वाटतें, जाळ घालणाऱ्यास रागें भरून काय होणार होतें? सातवीनंतर तो शाळेंत आला नाहीं.

पुढें वालचंदनगर, भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वरनगर येथें साखर कारखाने झाले व मळीचे डोंगर सांचूं लागले. त्या मळीपासून होणारा मद्यार्क आतां मोटारीच्या पेट्रोलांत मिसळला जातो, हें मला त्या वस्तूचें सर्वांत निरुपद्रवी रूप वाटतें.

कायद्याची गोष्ट पुरी करतों. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानें 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरांत दारूबंदी केली. तें मंत्रिमंडळ लवकरच गेलें. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 च्या एप्रिलपासून सबंध प्रांतांत बंदी आली. 1951 सालीं बलसारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील औषधी द्रव्यांसंबंधींचीं कांहीं कलमें रद्द केलीं, पण मुख्य बंदी उचलून धरली. नंतरच्या काळांत महाराष्ट्रांत बंधनें सैल झालीं, परवाने निघाले, दुकानें पुन्हां उघडलीं. द्राक्षमद्यास तर 2001 पासून सरकारनें उत्तेजनच दिलें आणि बारामतीच्या परिसरांतहि त्याचे कारखाने निघाले. परंतु परवान्यावांचून मद्य तयार करण्याची मनाई कायम आहे. ती करतांना कायदा गाळलेली दारू आणि नुसती आंबवलेली बीअर यांत भेद करीत नाहीं. विकत घेऊन प्या. करूं मात्र नका. 1878 चें तत्त्व आणखी कोणत्या शब्दांत सांगावें?

पुतण्या यावर म्हणाला, "मग लोकांना घरीं करूं दिली तर हातभट्टी बंद होईल कीं!" हें मला मान्य नाहीं. 2015 च्या जूनमध्यें मुंबईस मालवणींत विषारी दारूनें शंभरांवर माणसें गेलीं. तीं काळ्या बीअरची चव चाखूं पाहणारीं नव्हतीं, स्वस्तांत स्वस्त मिळेल तें पिणारीं मजूर माणसें होतीं. डबा विकत घेणारा आणि तीं, यांचें जगच वेगळें. या ठिकाणीं आमचा वाद मिटला नाहीं. तो अजूनहि पत्रांतून चालूं आहे.

डबा न फोडतां परत गेला. पुतण्यानें तो आपल्या विलायतेंतील घरीं नाताळांत वापरला, आणि किण्वाची पुडी तेथें नवी घ्यावी लागली असें कळविलें. कारण मूळची पुडी आमच्या घरांतून ठेवून घेतली होती. तिचा पाव केला. तो किंचित कडसर झाला, पण दुसऱ्या दिवसापर्यंत उरला नाहीं.